फ्लॉरेन्सच्या गर्दीतले जावईबापू

ही गोष्ट कुणाला पटायची नाही, हे आधीच कबूल करून टाकलेलं बरं. ज्यांनी पाहिलं नाही ते म्हणतील, थापा आहेत. ज्यांनी पाहिलं ते तर छातीठोकपणे म्हणतील, थापा आहेत. कारण डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाला पटवण्याइतकं अवघड काम दुसरं नाही. तेव्हा ज्याला विश्वास ठेवायचा नसेल त्यानं खुशाल ठेवू नये. फक्त ताटातलं गार होण्याआधी संपवावं आणि मधेमधे बोलू नये.

तर इथं आयर्लंडात, ब्लँचर्डस्टाउनात उपेंद्र नावाचा एक सज्जन राहतो. मूळचा पुण्याचा. दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसून परक्यांच्या सॉफ्टवेअरमधले ढेकूण मारतो, संध्याकाळी बसनं घरी येतो, उतरताना ड्रायव्हरला थँक्यू म्हणतो आणि तेही ड्रायव्हरला ऐकू जात नाही, इतका त्याचा आवाज बारीक. अशा माणसानं उभ्या आयुष्यात एकच थाप मारली. पण मारली ती अशा माणसाला की ती निस्तरता निस्तरता त्याचे केस पिकायला लागले.

वृंदाला बघायला तो नागपूरला गेला होता, तेव्हाची गोष्ट. वृंदाचे वडील नंदकुमार, सगळी दुनिया त्यांना नाना म्हणते, हे नागपूरच्या हौशी रंगभूमीवरचं मोठं प्रस्थ. तसे ते एका कचेरीत नोकरीला होते, पण ती पोटापुरती. खरं काम प्रॉम्प्टरचं. तीस वर्षं विंगेत उभं राहून त्यांनी दुसऱ्यांची वाक्यं दुसऱ्यांच्या तोंडी घातली. नट अडखळला की नानांचा आवाज नेमका त्याच्याच कानात शिरायचा, पहिल्या रांगेला पत्ता लागायचा नाही. एरवी बोलणं अस्सल नागपुरी, पण पुस्तक हातात आलं की राजाची भाषा राजाची आणि न्हाव्याची न्हाव्याची. शिवाय दिसायला देखणे. रंगमंचावर गेले असते तर भल्याभल्यांची छुट्टी झाली असती, असं जाणकार म्हणतात.

तर या नानांनी पोह्यांच्या बशीमागून मुलाचा पगार विचारला नाही, कूळ विचारलं नाही. एवढंच विचारलं, "नाटकात काम केलं का जी कधी?"

उपेंद्रनं कॉलेजच्या एकांकिकेत पडदा ओढला होता. इमानानं ओढला होता, वेळेवर ओढला होता. पण समोर वृंदा बसली होती, आणि नाना ज्या नजरेनं बघत होते त्या नजरेपुढे 'पडदा' म्हणायची त्याला लाज वाटली. त्यानं एकदा छताकडे बघितलं आणि म्हणाला, "हो. मुख्य भूमिका."

नानांनी मान डोलावली आणि आणखी पोहे वाढायला सांगितले. लग्न झालं. तेव्हापासून नाना त्याला फोनवर 'नटवर्य' म्हणतात, आणि दर वेळी उपेंद्र घाईघाईनं फोन वृंदाकडे देतो.

आता झालं असं, की नाना पहिल्यांदाच आयर्लंडला यायचे ठरले, आणि नेमकं त्याच उन्हाळ्यात इथल्या मराठी मंडळानं नाटक करायचं ठरवलं. वृंदानं बापाला ही बातमी आनंदानं सांगितली. नानांनी विचारलं, नटवर्यांची भूमिका कोणती? उपेंद्रनं फोन हातात घेतला, छताकडे बघितलं आणि म्हणाला, मध्यवर्ती.

त्यात अगदीच खोटं नव्हतं. गर्दीत त्याची जागा बरोबर मधोमध होती. पण वाक्य? एक नाही. नाना विमानातून उतरून पहिल्या रांगेत बसायच्या आत उपेंद्रला कुठून तरी एक वाक्य पैदा करायचं होतं. एकच. मग ते कितीही छोटं असो.

नाटक लिहिलं होतं आशुतोषनं. हा एका चिप बनवायच्या कारखान्यात इंजिनियर. फ्लॉरेन्सला चार दिवस सुट्टीला गेला, तिथं पाऊस लागला, म्हणून संग्रहालयात जाऊन बसला आणि येताना डोक्यात बंड घेऊन आला. साडेसहाशे वर्षांपूर्वीचं, लोकर कामगारांचं. नाटकाचं नाव 'लोकरीचा वणवा'. लेखक तो, दिग्दर्शक तो, आणि सगळ्यांत धनाढ्य लोकरवाल्याची भूमिकाही त्याचीच.

ते बंड काय होतं, ते समजून घेतल्याशिवाय पुढची गंमत कळायची नाही. फ्लॉरेन्स म्हणजे लोकरीवर उभं असलेलं गाव. धंदेवाल्यांचे संघ होते, सात मोठे आणि चौदा छोटे. संघात असाल तर गावच्या कारभारात खुर्ची. नसाल तर रस्त्यावर उभं राहून खुर्ची बघायची. आणि जे लोकर धुवायचे, बडवायचे, विंचरायचे, त्यांना संघच नव्हता. त्यांनी राहायचं मालकांच्या संघाच्या हुकमतीत. गुन्हा काय हे मालक ठरवणार, शिक्षा काय तेही मालकच. चार मजूर एकत्र उभे राहिले तरी ते कटकारस्थान. मालकांचा व्यवहार सोन्याच्या नाण्यात, आणि मजुरी द्यायची चिल्लर नाण्यात, ज्यातली चांदी दिवसेंदिवस पातळ होत चाललेली. वरून कारभाऱ्यांनी साक्षात पोपशी लढाई काढली. पोपनं गावातली पूजाअर्चा बंद पाडली. लढाईच्या खर्चासाठी लोकांकडून सक्तीची कर्जं काढली, आणि त्या कर्जाचं व्याज भागवायला पीठमिठावर जकाती बसवल्या. म्हणजे श्रीमंतानं कर्ज द्यायचं आणि त्याचं व्याज गरिबाच्या भाकरीतून निघायचं. कुणी तोंड उघडलं की त्याला ताकीद. ताकीद मिळालेला माणूस पुन्हा कुठल्या पदावर बसू शकत नसे. मग एका जुलैमध्ये डोकी तापली, मजुरांनी सरकारवाडा घेतला आणि एक अनवाणी लोकर विंचरणारा हातात झेंडा घेऊन खुर्चीवर बसला. मजुरांना स्वतःचे संघ मिळाले. आणि उन्हाळा संपायच्या आत त्याच अनवाणी गड्यानं मालकांच्या बाजूनं आपल्याच भाऊबंदांना झोडपून काढलं.

ही झाली इटलीची हकीकत. यात पदरचं अक्षर नाही. न पटण्यासारखं आहे ते आयर्लंडातलं.

मंडळाचा एक जुना नियम होता. कधीतरी सभेला फार गर्दी व्हायची म्हणून कुणीतरी काढलेला: नाटकात ज्याला वाक्य, त्यालाच सभेत मत. एरवी कुणाच्या लक्षातही नसायचा. पण आशुतोषच्या नाटकात सात मोठ्या भूमिका, चौदा छोट्या, आणि उरलेलं अख्खं मंडळ गर्दी. गर्दीनं गोणपाट अंगावर घ्यायचं, लोकर विंचरायची, आणि दिग्दर्शकानं हात वर केला की 'हो हो' करायचं. उपेंद्रनं भीत भीत विचारलं, हे 'हो हो' वाक्यात मोडतं का. आशुतोषनं सांगितलं, मोडत नाही, तो ध्वनी आहे.

तालमी एका चर्चच्या हॉलमध्ये चालत. वाक्यवाल्यांना साबुदाणा वडे मिळत, सोन्यासारखे, गरमागरम. गर्दीला चहा. चहाचं खातं आशुतोषची बायको केतकी हिच्याकडे. ती नाटकात लोकरवाल्याचीच बायको होती, त्यामुळे भूमिका तिच्या अंगात भिनली होती. पहिल्या तालमीला चहा बरा होता. दुसरीला जरा फिकट. पुढे पुढे कपाच्या तळावरची फुलं वरून स्पष्ट दिसायला लागली. केतकीचं म्हणणं, कप तर पूर्वीइतकाच भरते ना मी? कप मोजा.

त्यातच मंडळाचं फादर मलाकींशी बिनसलं. हॉल त्यांच्या देखरेखीखाली. एकदा वडे तळताना इतका धूर झाला की आगीचा भोंगा वाजला, आणि पलीकडे चर्चमध्ये एका बाळाचा बाप्तिस्मा चालला होता, ते सगळे पाहुणे बाळासकट पावसात जाऊन उभे राहिले. फादर भला माणूस, पण त्यांनी जाहीर केलं, या छपराखाली तळण बंद. आता आशुतोषनं माफी मागून विषय मिटवायचा की नाही? तो म्हणाला, आपण झुकायचं नाही. मग वडे घरून तळून आणायचे ठरले. कुणी? ज्यांना पाठांतर नाही, म्हणजे वेळच वेळ आहे, त्यांनी. झालं. गर्दीनं वडे तळून आणायचे, वाक्यवाल्यांनी खायचे, आणि गर्दीनं वर पांढरं पाणी पिऊन 'हो हो' करायचं.

कुणी कुरकुर केली की व्हॉट्सॲपवर ताकीद यायची. ताकीद आलेल्याला पुढच्या वर्षी समितीत उभं राहता येणार नव्हतं. तालमीत चौघं एकत्र बोलताना दिसले की आशुतोष ओरडायचा, पांगा. उपेंद्रला हे सगळं इटलीतलं कुठंतरी वाचल्यासारखं वाटायचं. मग लक्षात यायचं, आपण ते आत्ताच, याच हॉलमध्ये ऐकलं. पण तो बोलला नाही. ताकीद आली तर वाक्य मिळायची उरलीसुरली आशाही जाणार होती.

नाटकाला खरी लोकर हवी, असा आशुतोषचा हट्ट. अभिजित म्हणून एक आहे, तिकडे लांब पश्चिमेला, कासलबारकडे वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात असतो. त्याला कामाला लावला. त्याच्या शेजारच्या शेतकऱ्याकडे लोकरीचे ढीग सडत पडले होते. आज आयर्लंडात मेंढीची लोकर विकून कातरणाऱ्याची मजुरीही सुटत नाही म्हणे. ज्या वस्तूसाठी फ्लॉरेन्सनं रक्त सांडलं, ती न्यायला कुणी येतंय म्हटल्यावर युअर मॅन, म्हणजे इथल्या बोलीत तो गडी, अंगणात नाचायचाच बाकी राहिला. पोती स्वतः भरून दिली, गाडीत कोंबून दिली आणि म्हणाला, ग्रँड. हॉलवर पोती उघडली तेव्हा वासानं पडदे आपोआप सरकले. आणि शेवटच्या पोत्यात निव्वळ लोकर नव्हती. लोकरीच्या आत मेंढी होती. जिवंत. प्रवासात तिला झोप लागली होती.

अभिजितनं फोन केला तर शेतकरी म्हणाला, ग्रँड, ग्रँड, राहू दे तिला थोडे दिवस, तेवढाच तिला बदल. म्हणून मेंढी राहिली. हॉलमागच्या गवतावर चरायची, तालमीच्या वेळी आत येऊन गर्दीत उभी राहायची, उपेंद्रच्या शेजारी. आणि एके दिवशी लोकरवाला गरजला, "या नगरात माझ्या शब्दाला विरोध करणारा कोण आहे?" त्यावर मेंढी म्हणाली, "बॅ."

आशुतोष भारावला. काय टायमिंग आहे, म्हणाला, आणि तिथल्या तिथं संहितेत लिहून टाकलं: मेंढी, दोन ठिपके, बॅ.

तुमच्या लक्षात आलं का काय झालं ते? मेंढीला वाक्य मिळालं. वाक्य मिळालं म्हणजे वडा मिळाला. आणि वाक्य मिळालं म्हणजे मतही मिळालं.

पुढच्याच सभेत गर्दीला घट्ट चहा द्यावा का, यावर मतदान होतं. छोट्या भूमिकावाल्यांपैकी एक गैरहजर होता आणि काहींना दया आली होती, त्यामुळे मतं समसमान पडली. मग सगळे मेंढीकडे वळले. मेंढी म्हणाली, "बॅ." केतकीनं ते विरोधात धरलं.

त्या क्षणापर्यंत गर्दीनं सगळं सोसलं होतं. चहा सोसला, वडे सोसले, गोणपाटाची खाज सोसली. पण मेंढीनं आपल्याविरुद्ध मत द्यावं आणि आपल्याला मतच नसावं, हे ऐकून पीएचडी झालेली, टीम चालवणारी, घराचे हप्ते भरणारी माणसं एकदम उठून उभी राहिली. पुढं होता सलील. चपला त्यानं दाराशी काढल्या होत्या, म्हणून अनवाणी. कुणीतरी पांघरायला आणलेली सोलापुरी चादर त्यानं पडद्याच्या काठीला बांधली आणि तो रंगमंचावर चढला. मागं सगळी गर्दी. उपेंद्रही, आणि त्याच्या मनात स्वातंत्र्य, समता वगैरे काही नव्हतं. त्याच्या मनात एकच होतं, नानांचं विमान परवा उतरतंय.

आशुतोष पळाला आणि हॉलच्या प्रेसमध्ये शिरला. इथं कपाटाला प्रेस म्हणतात. आतून त्यानं दार ओढून धरलं आणि सुतारानंही लावली नसती अशी कडी हातानं करून बसला. बाहेर मागण्या वाचल्या गेल्या: गर्दीचा स्वतःचा संघ, घट्ट चहा, आणि प्रत्येकाला एक वाक्य. कपाट म्हणालं, मान्य. सलील दिग्दर्शक झाला.

पहिला आठवडा काय वर्णावा. वाक्यांची लयलूट. ज्याला हवं त्यानं हवं ते वाक्य घ्यावं. उपेंद्रच्या वाट्याला सगळ्यांत झणझणीत आलं, बंडाच्या ऐन शिखरावरचं: "लोकर आमच्या हातची, मग शहर कुणाचं?" तो ते बसमध्ये पुटपुटायचा, ऑफिसच्या मीटिंगमध्ये माइक बंद करून म्हणायचा, आंघोळीत तर रोज. नाना येऊन पोचले होते. बाथरूमच्या दाराबाहेर खुर्ची टाकून ते पेपर वाचत बसत आणि आतून वाक्य आलं की पान न उलटता ऐकत. पाणी चालू असलं की आवाज थोडा चढायचा. पाणी बंद झालं की पुन्हा बारीक.

पण वाक्यांचंही नाण्यासारखंच असतं. भरमसाट पाडली की कवडीमोल होतात. सगळ्यांना वाक्यं मिळाल्यावर नाटक दुपारी सुरू करून दुसऱ्या दिवशी न्याहारीला संपणार, असा अंदाज निघाला. राजदूत यायचा अवकाश, तो येण्याआधी त्याला नऊ जण 'महाराज, राजदूत येतोय' सांगायला लागले. इकडे मूळच्या वाक्यवाल्यांनी दुकान बंद केलं. केतकी किटली घेऊन घरी गेली. पातळ का होईना, चहा होता. आता तोही नाही. सलील वैतागला. त्यानं कपाटाशी जाऊन सल्ला विचारला. आधी अधूनमधून, मग रोज. शेवटी कपाट उघडून आशुतोषला सल्लागार म्हणून बाहेर घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी गर्दीची सगळी वाक्यं कापली गेली. चहा परत आला. वडे परत आले. मेंढीचं 'बॅ' तेवढं राहिलं, कारण त्याला प्रेक्षकांची पसंती मिळेल असं दोघांचंही मत पडलं. आणि लोकर आमच्या हातची, ते वाक्य सलीलनं स्वतःकडे घेतलं.

उपेंद्र त्याला कारपार्कात गाठायला गेला. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला गाठायला गेला.

"सलील, तूही गर्दीतलाच ना रे?"

"होतो," सलील म्हणाला. "म्हणून तर मला माहितीये, गर्दीला वाक्य दिलं की काय होतं."

"एकच वाक्य. सासरे आलेत माझे."

"सगळ्यांचेच कोण ना कोण आलेत, उपेंद्र. ताकीद नकोय ना तुला?"

उपेंद्र घरी आला. नानांनी विचारलं, तालीम कशी झाली, नटवर्य. त्यानं छताकडे बघितलं आणि म्हणाला, ग्रँड.

आता इथं एक गोष्ट सांगून टाकायला हवी. नट बोलण्याआधी प्रेक्षकांकडे बघतो. लेखक बोलण्याआधी स्वतःच्या पायांकडे बघतो. बोलण्याआधी वर, दोरीकडे, बघतो तो फक्त पडदा ओढणारा. विंगेत तीस वर्षं काढलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. नानांनी पोह्यांच्या बशीमागून त्या पहिल्या दिवशीच ओळखलं होतं की हा गडी पडद्यामागचा, आपल्याच जातीचा. मुलगी दिली ती त्याचसाठी. मग बोलले का नाहीत? प्रॉम्प्टरचा धर्म आहे तो. चुकलेल्याच्या कानात खरं वाक्य सांगायचं. तो चुकला हे लोकांना सांगायचं नाही.

प्रयोग रविवारी दुपारी. हॉल खच्चून भरला. नारळ कारपार्कात फोडला. बॉल्सब्रिजच्या, म्हणजे श्रीमंत वस्तीच्या बाजूचे काही बडे पाहुणे आले होते, त्यांना नाकाला रुमाल लावून बसवलं होतं. पहिल्या रांगेत नाना, रेशमी झब्ब्यात, बघत राहावं असे. एका बाजूला वृंदा, दुसऱ्या बाजूला फादर मलाकी. फादरना एक शब्द कळत नव्हता, पण पोपचं काहीतरी वाईट चाललंय एवढं ते ओळखून होते. तिसरी घंटा झाली.

पहिला अंक पडला नाही म्हणायचं, कारण मेंढीच्या 'बॅ'वर टाळ्या आल्या. दुसऱ्या अंकात बंड पेटलं. गर्दी लोकर उधळायला लागली, आणि सलील अनवाणी, हातात सोलापुरी चादरीचा झेंडा, लोकरीच्या ढिगावर चढला. वाक्याची घटिका आली. त्यानं छाती भरून घेतली. आणि मेंढीला, देव जाणे का, ती चादर ओळखीची वाटली. तिनं तिचं टोक दातात धरलं आणि मागं ओढलं. सलील ढिगावरून घसरला, सात सावकारांमधून गेला आणि हॉलच्या जुन्या पियानोवर जाऊन आपटला. पियानो बराच वेळ वाजत राहिला. मग थांबला.

वाक्य हवेत लटकलेलं. आशुतोष विंगेत कपाळाला हात लावून उभा. प्रॉम्प्टरचं काम त्यानं बचत म्हणून मोबाइलवर टाकलं होतं, आणि मोबाइल झोपला होता. गर्दीतल्या प्रत्येकाला वाक्य पाठ होतं, कारण प्रत्येकानं ते मागितलं होतं. पण ताकिदीच्या धास्तीनं सगळ्यांचे ओठ मिटलेले. आणि बरोबर मधोमध, अंगावर गोणपाट, हातात कंगवा, उपेंद्र.

त्यानं वर बघितलं. दोरीकडे.

आणि मग, मंडळी, तो बोलला. काय आवाज. कुठं लपवला होता इतकी वर्षं, देव जाणे. पोटातून निघाला, मागच्या भिंतीला लागून परत आला, खिडक्यांची तावदानं थरथरली, बाहेर गाड्यांचे अलार्म वाजले, आणि तिकडे कासलबारच्या माळावर मेंढ्यांनी चरता चरता माना वर केल्या. "लोकर आमच्या हातची, मग शहर कोणाचं बे?"

हॉल उभा राहिला. गर्दी उभी राहिली, सावकार उभे राहिले, बॉल्सब्रिजच्या पाहुण्यांनी रुमाल काढले आणि मोठा श्वास घेतला. फादर मलाकींच्या डोळ्यांत पाणी. तळणावरची बंदी त्यांनी जागच्या जागी उठवली. केतकीनं तिथल्या तिथं घट्ट चहा टाकला, मंडळाचा नियम रद्द झाला, गर्दीला कायमचं मत मिळालं, आणि मेंढीनं, मेंढीनं पुढचे गुडघे टेकून जावईबापूंना नमस्कार केला. पहिल्या रांगेत नानांनी झब्ब्याच्या बाहीनं डोळे पुसले, वृंदाकडे वळले आणि म्हणाले, हा माझा जावई. हजारांत एक आवाज. असा आवाज तर नागपुरातसुद्धा—

सांगणाऱ्याचा हात हवेतच राहिला. स्वयंपाकघराच्या दाराशी, जिथं पाहुण्यांना ताटं देऊन झाल्यावर उपेंद्र उभा होता, तिथून कुणीतरी वाटी ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला.

"नाना, खोटं," उपेंद्र म्हणाला. "मी बोललोच नाही. तोंड उघडं पडलं होतं माझं, पण त्यातून काही निघालं नाही. तो आवाज पहिल्या रांगेतून आला. तुमचा होता. आणि मी जन्मात कधी 'बे' म्हटलेलं नाही."

हे त्यानं छताकडे एकदाही न बघता सांगितलं, आणि दाराशी चपला घालत असलेल्या शेवटच्या माणसालाही ते स्पष्ट ऐकू गेलं.